पंढरपूरपर्यंत सायकलने: नाव नोंदवू की नको?

प्रश्न: ताई, मी नाशिकरोडला राहते. वय ५१, शाळेच्या कार्यालयात नोकरी. आमच्या सकाळच्या सायकल ग्रुपमधल्या चौघींनी आषाढीच्या आधी निघणाऱ्या नाशिक–पंढरपूर सायकलवारीत नावं दिली आहेत. तीन दिवसांचा प्रवास आहे: पहिला मुक्काम नगर, दुसरा टेंभुर्णी, तिसऱ्या दिवशी पंढरपूर. मी आजवर एका दिवसात साठ किलोमीटरच्या वर गेलेली नाही. मिस्टर म्हणतात, साठ कुठे आणि एकशे साठ कुठे! मधुमेहाची गोळीही चालू आहे. पण खरी भीती वेगळीच आहे. मी मागे पडेन आणि माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा होईल. नाव द्यायला दहा दिवस उरलेत, वारीला सात आठवडे. काय करू?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: आज लगेच पैसे भरू नका आणि नाहीही म्हणू नका. हातात दहा दिवस आहेत, म्हणजे मधे एक शनिवार-रविवार नक्की येतो. निर्णय तिथे होईल.

साठ आणि एकशे साठमधला फरक मिस्टरांना वाटतो तेवढा मोठा नाही. जी बाई साठ किलोमीटर करून घरी येते आणि संध्याकाळी स्वयंपाकाला उभी राहते, ती सात आठवड्यांत एकशे वीसपर्यंत सहज पोचते. आणि एकशे वीस करणारीला सोबतीने, थांबत-खात एकशे साठ जमतात. माणसं अडतात ती दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री मंगल कार्यालयाच्या सतरंजीवर अर्धवट झोप झालेली, मांड्या जड, आणि पहाटे पुन्हा त्याच सीटवर बसायचं. तुम्ही हे आजवर केलेलंच नाही, म्हणून तेच करून बघा.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघा. सिन्नर, तिथून नांदूर शिंगोटे आणि परत. ऐंशी-नव्वद किलोमीटर होतील, आणि मोहदरी घाट पायाखाली येईल, जो वारीत पहिल्याच सकाळी लागतो. घाटात उतरून ढकलावं लागलं तरी चालेल, वारीतही पुष्कळजण ढकलतात. रविवारी त्याच वेळी उठून गंगापूर धरणापर्यंत जाऊन या. रविवारची पहिली दहा किलोमीटर नीट लक्षात ठेवा. सीटवर बसताना दुखणारच. ते अर्ध्या तासात बोथट झालं, भूक लागली, आजूबाजूचं दिसायला लागलं, तर घरी येऊन नाव देऊन टाका. पण गुडघ्याच्या आत टोचत असेल किंवा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होऊन तसंच राहत असेल, तर थांबा. तळहातावर सतत भार पडून तिथली नस दबली की बोटं अशी बधिर होतात. बहुतेक वेळा सीट-हँडलची उंची बदलून आणि दर थोड्या वेळाने हाताची जागा बदलून ते सुटतं. पण आधी ते सुटू द्या, मग नाव द्या. त्यात एक वर्ष गेलं तरी आषाढी दरवर्षी येते.

पॅडवाली शॉर्ट घालणार असाल तर आत दुसरं काही घालू नका. शिवणी घासतात आणि सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. हे दुकानात बायकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

आता खोळंब्याचं. एवढ्या मोठ्या रांगेत कुणीतरी शेवटी असणारच, आणि बहुतेक आयोजक शेवटच्या माणसामागे आपला एक अनुभवी सायकलस्वार व टेम्पो ठेवतात. तुमच्या वारीत तसं आहे का, हे नाव देण्याआधी फोन करून विचारा. अंधार पडल्यावर सायकली चालू ठेवतात की गाडीत घेतात? दुपारचं जेवण कुठे, आणि तिथे किती वाजेपर्यंत पोचायचं? सायकली परत कशा येणार? उत्तरं गुळमुळीत मिळाली तर त्या आयोजकांबरोबर जाऊ नका. मैत्रिणी जात असल्या तरीही.

वेळेचा अंदाज मांडून बघा. ताशी अठराने एकशे साठ किलोमीटरला साधारण नऊ तास. नाश्ता, जेवण, चहा, पंक्चर धरून आणखी तीन. पहाटे साडेपाचला निघालात तर संध्याकाळी साडेपाचला नगर. जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी पावणेदोन तास राहतात. तेवढे पुरेसे आहेत, पण राहुरीनंतरचा रस्ता नगरकडे चढत जातो आणि विळद घाट अगदी शेवटी येतो, जेव्हा पायात काही उरलेलं नसतं. म्हणून घरी, शांत डोक्याने, आत्ताच ठरवा: राहुरीला अमुक वाजले असतील तर मी टेम्पोत बसेन. मी तुमच्या जागी साडेचार ही वेळ धरेन. ते एका चिठ्ठीवर लिहून मैत्रिणीकडे द्या. दमलेलं डोकं असा निर्णय घेत नाही, "अजून थोडंच राहिलंय" एवढंच म्हणत राहतं.

कोल्हारच्या पुढे एका बाईंना मी लिंबाखाली बसवलं होतं. वयाने तुमच्याएवढ्याच असतील. ओठ पांढरे, हात थरथरत होते, आणि तोंडाने "काही नाही, काही नाही" चालू होतं. लोणीपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. का, तर खायला थांबले तर ग्रुप पुढे जाईल! दोन केळी, मीठ-साखरेचं पाणी, आणि वीस मिनिटांत त्या गप्पा मारायला लागल्या. पण तोपर्यंत त्यांच्यासाठी सहाजणी उन्हात ताटकळल्या होत्या. लोणीला त्यांनी नुसतं "थांबा गं" म्हटलं असतं तर पाच मिनिटांत भागलं असतं. तुम्ही हळू चालवता याचा कुणाला त्रास होणार नाही. त्रास लपवलात तर मात्र होईल. भूक लागायची वाट न बघता दर तासाला एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू, आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी. एखाद्या बाटलीत ओआरएस असू द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवलेलं.

मधुमेहाचं मी ठरवणार नाही, डॉक्टरांनीच ठरवायला हवं. पण प्रश्न नेमका विचारा. "सायकल चालवू का?" म्हटलं तर ते "चालवा की" म्हणतील. गोळीचं पाकीट पुढे ठेवा आणि सांगा, सलग तीन दिवस, रोज आठ-नऊ तास, या गोळीने साखर खाली जाऊ शकते का, त्या दिवसांत डोस बदलायचा का? नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकदम उतरणं विरळा, ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरू शकते. गोळीचं नाव आणि मिस्टरांचा फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि जिच्या बरोबरीने चालवणार तिलाही सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवसाबद्दल एकच सांगते. मिरजगाव, करमाळा, पुढे टेंभुर्णी हा पट्टा सपाट दिसतो म्हणून सगळे निर्धास्त असतात. तिथे जूनमध्ये पश्चिमेचा वारा उजव्या अंगाने झोडपतो. ट्रक शेजारून गेला की क्षणभर वारा अडतो, आणि वाऱ्याला रेलून चालवणारी सायकल आपोआप ट्रककडे झुकते. तो पुढे गेला की पुन्हा डावीकडे धक्का. मागून ट्रकचा आवाज आला की हँडल दोन्ही हातांनी धरा, कोपर सैल ठेवा आणि बोलणं थांबवा. पुढच्या सायकलच्या चाकाला चाक लावून तर अशा वेळी चालवूच नका.

आणि मिस्टरांना रविवारच्या धरणफेरीला स्कूटरवरून बरोबर न्या. दुसऱ्या दिवशीही तुम्ही कशा चालवता हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न: माझी जाड टायरची एमटीबी आहे. याच वारीसाठी नवी हायब्रिड, म्हणजे कमी रुंद टायरची रस्त्याची सायकल, घेऊ का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर: वारी तोंडावर असताना नवी सायकल नको. नव्या सीटची, नव्या बसण्याची सवय व्हायला वेळ लागतो आणि दुखणी निघतात ती नेमकी दुसऱ्या मुक्कामी. आहे त्याच रिमवर बसणारे कमी रुंदीचे गुळगुळीत टायर घाला, दुकानात स्लिक म्हणून मागा. गोट्यांच्या टायरपेक्षा पाय हलके झाल्याचं पहिल्याच फेरीत कळेल. सीटची उंची तपासा: पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे बहुतेकांची सीट खाली असते आणि दोष गुडघ्याला देतात. ब्रेकपॅड नवे घाला, कारण पावसात रिमब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेला पॅड घासून थांबणारी, सायकल बरीच पुढे जाऊन थांबते. जास्तीची ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायची पट्टी) आणि पंप जवळ हवेच. निघण्याआधी एकदा घरी ट्यूब बदलून बघा, आणि ती मागच्या चाकाची. पुढची सगळ्यांना जमते.