काठीवरचे यंत्र आणि काठीचे टोक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दृष्टिबाधितांच्या चलनवलन प्रशिक्षणाविषयी, म्हणजे एकट्याने सुरक्षित चालायला शिकण्याविषयी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून येणाऱ्या पत्रांत एकच गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतो: इलेक्ट्रॉनिक काठी हाती आली की शिकण्यासारखे काही उरत नाही. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेत आहे.

स्मार्टकेन नेमके काय करते? (पाचोरा)

घडीच्या पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसणारे हे उपकरण दिल्लीच्या आयआयटीत विकसित झाले आणि २०१४ मध्ये वापरात आले. ते श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनिलहरी सोडते आणि त्या अडथळ्यावर आदळून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर ओळखते. तीन मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत परततो. अडथळा जवळ येईल तसे मुठीतले कंपन बदलते.

ते रात्री चालते का? (अमळनेर)

होय, ध्वनीला उजेड लागत नाही.

मामा म्हणतात की यंत्र लावल्यावर काठी जमिनीला टेकवावी लागत नाही. भाऊ १९ वर्षांचा आहे. यंत्र मिळेपर्यंत त्याला घरीच ठेवले आहे. (भुसावळ)

मामांचे हे म्हणणे चुकीचे आहे आणि त्यात जिवाला धोका आहे. असे उपकरण मुख्यतः गुडघ्याच्या वरचे, म्हणजे छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवरचे अडथळे सांगण्यासाठी असते. उघडे गटार, उतरती पायरी किंवा आपल्याच भुसावळच्या फलाटाची कड त्यावरून भरवशाने कळत नाही, कारण तिथे आदळून परत येण्यासारखे समोर काही नसते. ते काम काठीच्या टोकाचे. डावे पाऊल पुढे पडत असताना टोक उजवीकडे आणि उजवे पडत असताना डावीकडे, अशा लयीत पुढच्या पावलाची जागा आधी तपासली जाते. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकी सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूवर यांनी ही पद्धत बसवली आणि तिला पर्याय ठरेल असे यंत्र मी अजून हाताळलेले नाही.

यंत्राची गरज कुठे पडते, हेही सांगतो. रावेरकडे माझा एक विद्यार्थी रस्त्याच्या कडेने अगदी नीट चालत होता. केळी भरण्यासाठी उभ्या असलेल्या ट्रकचा फाळका आडवा उघडलेला होता. काठी त्याच्या खालून सरळ निघून गेली आणि फाळक्याची लोखंडी कड याच्या भुवईत घुसली. त्याच्या हातात तेव्हा साधी काठी होती, आणि तिची काहीही चूक नव्हती. अशा ठिकाणी कंपनाची सूचना मोलाची ठरते, मात्र काठीचा हात आधी तयार असलेल्या माणसालाच ती उपयोगी पडते.

राहिला आपल्या भावाचा प्रश्न. ‘यंत्र आले की बाहेर काढू’ या वाक्यापायी तरुण मुलांची वर्षे घरात गेलेली मी पाहिली आहेत, आणि बहुतेक घरांत खरे कारण यंत्र नसून काठी दिसली की लोक काय म्हणतील, ही धास्ती असते. साधारण छातीच्या मध्यापर्यंत पोहोचेल अशी साधी काठी आजच आणावी आणि प्रशिक्षित चलनवलन शिक्षकाकडे याच महिन्यात नाव घालावे. यंत्र कोणते घ्यावे, हे त्या शिक्षकाशी बोलून नंतर ठरवता येईल.

वडील ६७ वर्षांचे आहेत, अंधुक दिसते. कोणते यंत्र घ्यावे? (शहादा)

कोणतेही नाही, आधी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रियेने दृष्टी सुधारू शकते, आणि काचबिंदू असल्यास गेलेली दृष्टी परत येत नसल्याने प्रत्येक आठवड्याची दिरंगाई महागात पडते.

‘डोळ्यांइतके दिसेल’ अशी जाहिरात असलेला चष्मा मागवावा का? (चाळीसगाव)

पैसे आगाऊ भरू नयेत. डोळ्यांची जागा घेणारा असा चष्मा मिळत नाही, आणि रिकाम्या बोळात काढलेल्या चित्रफितीवरून काहीच सिद्ध होत नाही. श्राव्यातीत लहरींवर चालणाऱ्या उपकरणाला बारीक दोर, मऊ कापड आणि तिरपी गुळगुळीत काच ओळखणे जड जाते, आणि गर्दीत ते सतत थरथरत राहते. आठवडे बाजारात पालांचे ताणलेले दोर असतात, तिथे प्रशिक्षकाला सोबत घेऊन चालून पाहावे. विक्रेता परत घेण्याची अट आणि दुरुस्तीचे ठिकाण लेखी देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

सरकारी मदत मिळते का? (शिरपूर)

मिळते. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास पूर्ण आणि त्यापुढे ३०,००० रुपयांपर्यंत निम्मे साहाय्य मिळते. त्याच कारणासाठी गेल्या तीन वर्षांत मदत घेतलेली नसावी. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. दलालाला पैसे देऊ नयेत. कोणती उपकरणे सध्या दिली जातात, हे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारून मगच अर्ज भरावा.

मे महिन्यात उपकरण गाडीत ठेवले तर चालेल का? (धुळे)

नाही. बंद गाडीतल्या उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी खराब होते. ती फुगलेली दिसली तर चार्जिंगला न लावता अधिकृत दुरुस्ती केंद्राला दाखवावी.