'पुरेसं' कुठवर पुरतं?

प्रश्न असा आलाय: "सरावपत्रिकेत विधान होतं, 'युरोपला जाणारी द्राक्षं रेसिड्यू (फवारलेल्या औषधांचा उरलेला अंश) तपासणी झालेल्या बागेतलीच असतात.' मी 'तपासणी झाली म्हणजे द्राक्षं युरोपला जाणार' हा निष्कर्ष बरोबर धरला आणि गुण गेले. आवश्यक अट आणि पुरेशी अट यांत फरक काय? दोन्ही लागतातच ना?"

'दोन्ही लागतातच' हे वाक्य नाशिकच्या अभ्यासिकांमधून इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. पुरेशी अट लागतेच असं मुळीच नाही!

'आवश्यक'चं काम सोपं आहे. वश होत नाही ते अवश्य, त्यावरून आवश्यक. टाळून टळत नाही ते. ('अवश्यक' लिहू नका, कृपा करा.)

खरा ऐवज 'पुरेसा'त आहे. पुरणे हे क्रियापद संस्कृत 'पूर्'वरून आलं, म्हणजे भरणे. नदीला येतो तो पूर, पोळीत भरतो ते पुरण, उत्तरपत्रिका भरली की हात वर करून मागतो ती पुरवणी, सगळी एकाच घरची मंडळी. खांब पुरणंही त्याच घरचं, असं माझं ठाम मत आहे. कोशात नोंदी दोन म्हणून शब्दही दोन, असं मला ऐकवणारे जाणकार आहेत. त्यांनी एकदा खांब पुरताना बघावा: खांब उभा धरायचा आणि भोवतीचा खड्डा माती-खडीने ठेचून भरत आणायचा. ही भरण्याचीच क्रिया नव्हे तर काय? (गंगापूर धरणाला मात्र यात ओढू नका, गावाच्या नावातलं ते 'पूर' म्हणजे नगर.)

तर पुरेसं म्हणजे हव्या त्या खुणेपर्यंत भरणारं. ही खूण आपल्याकडे नाशिकला रामकुंडापाशी उभीच आहे, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गोदावरीला पूर आला की नाशिककर विसर्गाच्या आकड्याआधी विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?" छातीला लागलं, एवढं फोनवर कळलं की गुडघे बुडालेत का हे बघायला कुणी घाटावर जात नाही. छातीची बातमी गुडघ्यांसाठी पुरेशी. पण गुडघे बुडायला पाणी छातीपर्यंत यायलाच हवं का? नाही, मांडीपर्यंत आलं तरी ते बुडतात. म्हणून पुरेशी अट 'लागतेच' असं नसतं. उलट बाजूने, पाणी छातीला लागायचं तर गुडघे बुडणं आवश्यक. तरी गुडघे बुडाले म्हणून छाती बुडेलच असं नाही, पाणी तिथूनही ओसरतं.

'पुरेसा' घरगुती शब्द, तर्कात 'पर्याप्त'च हवा, असा आग्रह धरणाऱ्या पंडितांशी माझं अजिबात जमत नाही. परि आणि आप्, म्हणजे पूर्णपणे मिळालेलं. अर्थ चांगला आहे, पण त्यात पाण्याची पातळी दिसत नाही. शिवाय ज्या पेपरात प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात, तिथे मुलं 'पर्याप्त' म्हणजे 'पर्यायी' समजून बसतात, हे मी समोर बसून पाहिलंय. संस्कृतच हवं तर न्यायशास्त्राचं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचं घ्या ना! तिथे धूर व्याप्य (आपला 'पुरेसा'), अग्नी व्यापक (आपला 'आवश्यक'). धूर दिसला की अग्नी आहेच. पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. हे उदाहरण नैयायिकांचंच, आणि त्यात तुमचा अख्खा प्रश्न सुटतो.

द्राक्षांचं सांगायचं राहिलं. विधानातलं 'बागेतलीच' पुन्हा वाचा, त्या 'च'वर बोट ठेवून. तपासणी आवश्यक आहे, पुरेशी नाही. तपासणीत पास झालेला मालही मण्याचा आकार किंवा गोडी बसली नाही तर इथल्याच बाजारात जातो. पेटी युरोपला गेली एवढं कळलं, तर मात्र तपासणी झाली होती असं म्हणायला तेवढं पुरे.