नाच आठवतो, हंडे आठवत नाहीत

मी समुपदेशनाचं काम करते. तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. हळदी सुरू होतात, वराती निघतात आणि जिंतूर, सेलू, पार हिंगोलीकडूनही तोच प्रश्न यायला लागतो. "मॅडम, मला तिसरा चालू आहे, नणंदेच्या हळदीत नाचले, काही होणार तर नाही ना?" कधी नवरा विचारतो, कधी आई लेकीच्या वतीनं विचारते. एकजण तर रात्री अकराला, मांडवाच्या मागे उभी राहून कुजबुजत बोलत होती.

पूर्वी मी लगेच उत्तर द्यायचे. आता आधी एवढंच विचारते, "नाचायचं आहे, की नाचून झालंय?" बहुतेक वेळा नाचून झालेलं असतं. कुणाचं काल, कुणाचं गेल्या आठवड्यात. वैशालीचं तर नाचून दोन वर्षं झाली होती. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी मुलगी. स्नेहसंमेलनात अख्ख्या शाळेचे नाच तीच बसवायची. दुसऱ्यांदा दिवस गेले होते, पाचवा महिना लागलेला. नवरा तिला घेऊन आला तो काळजीनं अर्धा झालेला. "मॅडम, हिनं रजा टाकलीय. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं नॉर्मल आहे, रोज चाला. ही कूस बदलताना सुद्धा श्वास धरून ठेवते. टीव्हीवर गाणं लागलं तर बंद करायला लावते." जाता जाता म्हणाला, "हिच्या भावाच्या लग्नाचा व्हिडिओ पण हिनं अजून बघितला नाही. पेन ड्राइव्ह कपाटात तशीच पडलीय."

तो बाहेर गेल्यावर मी तिला विचारलं, "पहिल्या खेपेला काय झालं होतं?"

"मी घालवलं."

हे तिनं असं सांगितलं, जसं कुणी आपलं गाव सांगतं.

"म्हणजे?"

"भावाच्या वरातीत नाचले. नववा आठवडा होता. तिसऱ्या दिवशी अंगावरून जायला लागलं."

"असं कुणी म्हणालं तुला?"

"म्हणायला कशाला पाहिजे? आत्याबाई दवाखान्यात एकदाच बोलल्या, 'नाचली की वं तू.' परत कधी विषय काढला नाही त्यांनी."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. दोन वर्षं त्या चार शब्दांवर तिचं घर चालू होतं. तिनं मला विचारलेला प्रश्न मात्र असा होता, की गरोदरपणात नाचलं तर बाळाला इजा होते का. तिला पुढे नाचायचं नव्हतं. तिला निकाल हवा होता, मागच्या नाचाचा. हे एकदा ध्यानात आलं आणि मग माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं फोनवर मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. "काही होत नाही, काळजी करू नका" हे उत्तर जिचं काही झालेलं नाही तिला पुरतं. जिचं काहीतरी झालेलं आहे, तिच्यापर्यंत ते पोचतच नाही.

दुसऱ्या भेटीत मी तिच्यापुढे वही ठेवली. "लग्नाचा तो आठवडा लिहून काढ. सोमवारपासून."

ती बराच वेळ लिहीत होती. मग मी तिला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मे महिना. माहेरच्या गावात टँकर एक दिवसाआड. सोमवारी गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत चौदा हंडे. मंगळवारी मोटारसायकलवर मागे बसून सोनपेठपर्यंत पत्रिका वाटल्या, रस्ता सगळा उखडलेला. बुधवारी पाव्हण्यांच्या भाकरी. गुरुवारी गव्हाचं पोतं ओढत ओसरीत आणलं. शुक्रवारी हळद, मग रात्री दोनपर्यंत भांडी. शनिवारी लग्न, संध्याकाळी वरात. हलगी लागली तेव्हा करवल्यांनी हात धरून ओढलं. नाचले, पंधरा मिनिटं असेल.

ती थांबली. वहीचं पान पुन्हा वरून खाली वाचलं.

"मॅडम, हंड्यांचं कुणीच काही म्हणालं नाही."

मी गप्प राहिले.

"पोत्याचं पण नाही. फक्त नाचाचं." मग खूप हळू म्हणाली, "तेवढी पंधरा मिनिटंच माझी होती ना."

आपल्या मराठवाड्यात हे जागोजागी दिसतं. बीड जिल्ह्यातल्या बायका दिवस गेलेले असताना उसाच्या फडात जातात, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढवतात. इकडे पोटुशी बाई कापूस वेचते, सोयाबीन काढते, हंडा कमरेवर घेते. "चालतं का?" असं त्यांच्याबद्दल कुणी मला फोन करून विचारत नाही. विचारायला तर तिथेच हवं. जड ओझं उचलणं, उन्हात वाकून तासन् तास राबणं, यांचा त्रास हलक्या नाचापेक्षा कितीतरी जास्त. पण बाई कामात असली की ती घराची असते, नाचत असली की स्वतःची. आणि काही वाईट घडलं की बोट जातं ते त्या स्वतःच्या वेळेकडे.

ही जाणीव तिला झाली याचं मला समाधान वाटलं, आणि तेवढ्यात तिनं विचारलं, "मग हंड्यांनी गेलं का?"

या एका वाक्यानं मी जागी झाले. मी तिचं ओझं उतरवलं नव्हतं, फक्त एका खांद्यावरून दुसऱ्यावर दिलं होतं. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडली, तिच्यात मी घडले आहे. ती मला सांगते की माणसाला घटनेपेक्षा घटनेबद्दलचं त्याचं ठाम वाक्य जास्त छळतं. वैशालीचं वाक्य होतं, 'माझ्यामुळेच गेलं.' नाच काढून हंडे घातले तरी त्यातला 'च' जागेवरच होता. तो माझ्या बोलण्यानं हलणार नव्हता, त्याला पुरावा लागणार होता.

"तेव्हाची फाईल आहे?"

होती. लोखंडी कपाटात, त्या पेन ड्राइव्हच्याच कप्प्यात. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे सोनोग्राफीचा कागद मी वाचला नाही, तिला तिच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं आणि सांगितलं, "एवढंच विचार, की यात काय लिहिलंय ते मला माझ्या भाषेत सांगा."

पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली. त्या कागदावर लिहिलेलं होतं की पाळीच्या तारखेनं नववा आठवडा उलटला असला तरी गर्भाची वाढ साडेसहा आठवड्यांची आहे आणि हृदयाचे ठोके नाहीत. म्हणजे वाढ थांबून दोन आठवड्यांहून जास्त दिवस झाले होते. अंगावरून जायला उशिरा लागलं, एवढंच. असं पुष्कळदा होतं. कागद पहिल्या दिवसापासून घरात होता, पण दवाखान्याच्या गर्दीत तो तिला कुणी वाचून दाखवला नव्हता.

मला वाटलं, आता ही हसेल. ती हसली नाही.

"म्हणजे मी नाचत होते तेव्हा ते नव्हतंच?"

"नव्हतं."

"मला वाटायचं आम्ही दोघं नाचलो."

आणि ती रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा, असं तिनंच नंतर सांगितलं. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला नाही, शांत हो म्हणाले नाही. त्या दिवशी मला जे उमगलं ते मी तेव्हापासून प्रत्येक घरात वापरते. दोषाखाली दुःख दबलेलं असतं. स्वतःला गुन्हेगार ठरवलं की निदान काहीतरी आपल्या हातात होतं असं वाटतं. दोष निघून गेला की उरतं ते निव्वळ गेलेलं लेकरू. त्याच्यासाठी रडायला या बाईला कुणी जागाच दिली नव्हती. नऊ आठवड्यांचं काय रडायचं, असंच सगळ्यांना वाटत होतं. तो सगळा तास आम्ही तेच केलं. मी फार थोडं बोलले आणि माझ्या कामातल्या बऱ्या तासांपैकी तो एक होता असं मला आजही वाटतं.

सगळ्यांच्या फाईलमध्ये असं सरळ उत्तर नसतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते, म्हणजे तो गर्भ वाढणारच नसतो. बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आत असतं, नंतरही बाळ गर्भजलात तरंगत असतं. ठेका धरल्यानं ते 'निसटत' नाही. आणि नुसतं पडून राहिल्यानं गर्भपात टळतो असाही भक्कम पुरावा नाही. उलट फार दिवस अंथरुणावर राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो, मन खचतं ते वेगळंच.

मग नाचायचं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे, अडचण नसलेल्या गर्भवतीनं आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. रोज अर्धा तास, पाच दिवस, असं धरा. नाच त्यात बसतो. मध्यम म्हणजे किती, तर नाचताना शेजारणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणायला दम पुरू नये. बोलणंही जमेना, की थांबा.

नाच कोणता, हे मात्र बघावं लागतं. महिने वाढतात तसं पोट पुढे येतं, तोल बदलतो, सांधे सैल होतात. एक पाय जमिनीवर राहील असा नाच चांगला, हात आणि कंबर हलकेच चालवावी. उड्या नकोत, गरगर फिरणं नको. पंचमीच्या फुगड्या या वर्षी बघायच्या, खेळायच्या पुढच्या वर्षी. डीजेसमोरच्या गर्दीत शिरू नका, तिथे धोका धक्क्याचा आणि पडण्याचा आहे. शिवाय सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं, तेव्हा स्पीकरच्या कानठळ्या बसवणाऱ्या भिंतींपासून लांबच बरं. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे! भर उन्हातली वरात कितीही जवळच्या माणसाची असो, सावलीत बसा, पाणी प्या, संध्याकाळी घरातल्या घरात नाचा.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. वार (प्लासेंटा) खाली आहे असं सांगितलेलं असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, मधूनमधून अंगावरून जात असेल, जुळं असेल किंवा आधी लवकर बाळंतपण झालेलं असेल, तर ठरवायचं ते डॉक्टरांनीच. रक्त किती आहे तेही बघा. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवतींना रक्तक्षय आढळला, त्यामुळे आपल्याला नसेलच असं धरून चालू नका. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते, तेव्हा हा प्रश्न लाज न धरता विचारा. आणि नाचता नाचता रक्त गेलं, पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं, पोटरी सुजून दुखायला लागली किंवा पोट राहून राहून दगडासारखं घट्ट व्हायला लागलं, तर दवाखाना गाठा. 'बघू सकाळी' नको.

आता आत्याबाई. त्यांना मी मुद्दाम बोलावलं, कारण चार शब्द त्यांचे होते आणि घरही त्यांचं होतं.

"मावशी, सुनेनं नाचू नये असं तुम्हाला कशानं वाटतं?"

"आता काय सांगावं मॅडम. आमच्या वक्ताला पंचमीला गरवार बाई बाजूला बसायची. फुगडीला हात नव्हती लावत. तेवढंच ठाऊक."

"ते बरोबरच होतं," मी म्हणाले. "फुगडीत हात सुटला की पडायला होतं." त्यांना हे अपेक्षित नसावं. त्या खुर्चीत जरा मोकळ्या बसल्या. सासू दिसली की तिला खोडून काढायचं, हा आम्हा शिकलेल्यांचा उतावळेपणा असतो. जुन्या बायांच्या सांगण्यात शहाणपणाचा दाणा असतो, तो आधी उचलावा. मग मी त्यांना त्या कागदाचं सांगितलं. कितीतरी वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"मपल्या तोंडातून गेलं वं ते. लेकरू गेलं म्हणल्यावर माणसाच्या तोंडातून कायतरी जातंच की. तिनं धरून ठिवलं हे कुठं माहीत होतं मला."

त्यांनी सुनेची माफी मागितली नाही. मीही तसं सुचवलं नाही.

सातव्या महिन्यात वैशाली शेवटची आली. शाळेत पुन्हा जायला लागली होती. खुर्चीवर बसून, मधून उठून, मुलींना हातवारे शिकवत होती. घरी संध्याकाळी वीस मिनिटं नाचते म्हणाली, नवरा घड्याळ लावून बसतो. निघताना पर्स उचलली आणि परत खाली ठेवली.

"मॅडम, तो व्हिडिओ बघितला. आत्याबाईंनीच काढायला लावली पेन ड्राइव्ह."

"मग?"

"मी नाचायलेय. हलगीवाला पुढ्यात. आणि गर्दीतून आत्याबाई येतात, माझ्यावरून वीसची नोट ओवाळतात आणि हलगीवाल्याला देतात. माझ्या ध्यानातच नव्हतं. त्यांच्या पण नव्हतं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. तेवढंच मागं घेऊन परत लाव म्हणाल्या."