वासरू उचलणारा मिलो

प्रश्न : सर, आमच्या जिमचा ट्रेनर सारखी मिलो नावाच्या ग्रीक पैलवानाची गोष्ट सांगतो, त्याने म्हणे एक वासरू रोज खांद्यावर घेतलं आणि त्याचा बैल झाला तरी घेतच राहिला. असा माणूस खरंच होता का नुसतीच फेकाफेकी? – एक वाचक, सांगली

उत्तर : माणूस होता, शंभर टक्के. गाव क्रोटन, म्हणजे आजच्या इटलीच्या दक्षिण टोकाला, पण तेव्हा तिथे ग्रीकांची वस्ती होती. इ.स.पू. 540 च्या आसपास पोरांच्या गटात ऑलिंपिकची कुस्ती मारली आणि मग मोठ्यांत सलग 5 वेळा, शिवाय ग्रीसमधल्या बाकीच्या तीन मोठ्या स्पर्धांत, म्हणजे डेल्फीला 7, इस्थमियाला 10, नेमियाला 9 वेळा. आणि त्या काळी वजनी गट वगैरे काही भानगड नव्हती हं, समोर येईल त्याच्याशी लढायचं, तीनदा पाडलं की जिंकलात.

आता वासरू. ही गोष्ट क्विंटिलियन नावाचा रोमन शिक्षक सांगतो, तो मिलोनंतर सहाएकशे वर्षांनी झाला, त्यामुळे जरा जपूनच खरी माना. हिशोब करा ना, वासरू दिवसाला अर्धा किलो जरी वाढलं तरी वर्षाला पावणेदोनशे किलो होतात, आणि तुमची ताकद दरवर्षी पावणेदोनशे किलोने वाढणारे का? पहिले काही महिने वाढते भराभर, मग अडकते, जिमला जाणाऱ्या कुणालाही विचारा. पण थोडं थोडं वजन वाढवत न्यायचं ही आयडिया बरोबरच आहे, ट्रेनरशी त्यावरून वाद घालू नका.

प्रश्न : त्याचा खुराक काय होता? – तेच वाचक

उत्तर : हा प्रश्न येणारच होता! अथीनियस नावाचा जुना ग्रीक लेखक लिहितो की दिवसाला साधारण आठ-नऊ किलो मांस, तेवढाच पाव आणि वर दहाएक लिटर वाइन. एकदा तर ऑलिंपियाच्या मैदानात चार वर्षांचा बैल खांद्यावर घेऊन फिरला आणि त्याच दिवशी एकट्याने खाऊन टाकला म्हणे. मला स्वतःला हे पटत नाही. त्यापेक्षा पॉसेनियस या ग्रीक प्रवासी लेखकाने दिलेली डाळिंबाची गोष्ट जास्त आवडते, मिलो मुठीत डाळिंब धरायचा, कुणाला ते सोडवून घेता यायचं नाही आणि एवढं घट्ट धरूनही डाळिंबाला साधा डाग पडायचा नाही. खरी ताकद ही. बैल काय, तो खाण्याचा भाग झाला.

प्रश्न : मग एवढा पैलवान हरला कसा? आणि त्याला लांडग्यांनी खाल्लं असं ऐकलंय. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मिलोच्या सातव्या ऑलिंपिकला समोर आला टिमासिथिओस, त्याच्याच गावचा, वयाने लहान. पोरगं हुशार, मिलोच्या हातात सापडलंच नाही, लांब लांबच राहिलं, आणि मिलोला सातवा मुकुट काही मिळाला नाही. तरी गावात मान गेला नाही. इ.स.पू. 510 ला शेजारच्या सिबारिस शहराशी लढाई झाली तेव्हा क्रोटनच्या सैन्याच्या पुढे हाच होता, डोक्यावर ऑलिंपिकचे सगळे मुकुट, अंगावर सिंहाचं कातडं, हातात गदा, अगदी ग्रीक पुराणातल्या महाबली हेराक्लिसचा अवतार! सिबारिसचा चक्काचूर झाला.

लांडग्यांचं असं, की जंगलात एका वाळक्या झाडाच्या खोडात पाचरी ठोकलेल्या दिसल्या, यांना वाटलं हातानेच फाडू, हात घातले, पाचरी निसटल्या आणि हात आत अडकले, मग रात्री लांडगे आले. ही कथाच असणार, पण चित्रकार-शिल्पकारांना फार आवडली. पॅरिसच्या लूव्रमध्ये प्युजे या फ्रेंच शिल्पकाराचा 1682 चा संगमरवरी मिलो आहे, खोडात हात अडकलेला, वेदनेने मान वर केलेली. त्यात मागून लचका तोडतोय तो मात्र सिंह आहे, पुतळा फ्रान्सच्या राजाच्या व्हर्सायच्या बागेसाठी होता, तिथे लांडगा बहुतेक शोभला नसता.