गाळा बघितलात, पोरीला विचारलंत का?

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आंबवलेल्या मांसातल्या लॅक्टिक आम्ल जिवाणूंचं चरबी तोडणारं एन्झाइम हा तिचा प्रोजेक्ट. त्याची वजन कमी करणारी पावडर काढायची म्हणून मी राजारामपुरीत गाळ्याची अनामत भरली. ती पीएच.डी.वर अडून बसलीय. तिचं मन कसं वळवावं? – एक वडील, कोल्हापूर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाडं, लायसन, डबीचा रंग, सगळं त्यात आहे. मुलीचं म्हणणं अर्ध्या ओळीत, तेही तक्रारीच्या सुरात. ‘हल्ली जेवताना बोलत नाही’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला काळजी वाटली ती त्याच वाक्याची. अनामत भरण्याआधी तिला विचारलं असतंत, तर ही पावडर का चालणार नाही हे तिनंच सांगितलं असतं.

चरबी तोडणं म्हणजे ती नाहीशी करणं नव्हे. लायपेज हे चरबी तोडणारं एन्झाइम तिचे तुकडे करतं, मेदाम्लं सुटी होतात आणि आतड्यात ती शोषली जातात. आपलं स्वादुपिंड हेच काम रोज करतं. तांबड्या रश्श्यावरचा तवंग पचतो तो त्यामुळेच. वजनासाठी डॉक्टर देतात ते ऑर्लिस्टॅट उलट लायपेजला अडवतं, म्हणजे तुमच्या पावडरीच्या नेमकं विरुद्ध! आणि गिळलेलं एन्झाइम पोटाच्या घेरापर्यंत पोचत नाही. असला दावा डबीवर छापू नका, लोक विश्वासानं घेतील.

‘रिझल्ट कमी आलाय’ म्हणून तिला बोललात, तेही चुकलं. हे जिवाणू चरबी तोडण्यात मुळात मंदच. आंबवलेल्या मांसाच्या सॉसेजमधली बरीचशी चरबी मांसाचीच एन्झाइमं तोडतात. जिवाणूंचं मोठं काम आम्ल करून मांस टिकवण्याचं. प्रयोगशाळेत ट्रायब्युटिरिन नावाची चरबी घातलेल्या दुधाळ प्लेटवर जिवाणू वाढवतात; ती चरबी तुटली की जिवाणूंच्या वसाहतीभोवती काचेसारखं स्वच्छ कडं उमटतं. पण ट्रायब्युटिरिन ही लहान साखळीची चरबी, ती एस्टरेज हे दुसरं एन्झाइमही तोडतं. खरं लायपेज आहे का, ते ऑलिव्ह तेलासारख्या लांब साखळीच्या चरबीवर तपासावं लागतं. एवढ्या बारकाव्याच्या कामात मुलगी रमलीय, आणि तुम्ही तिला काउंटरवर बसवायला निघालात.

पीएच.डी.साठी नेट, गेट या परीक्षा आहेतच. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत अन्नातल्या जिवाणूंवर कामही चालतं.

उद्या गाळेमालकाकडे अनामत परत मागा. रात्री जेवताना तिच्या मोबाइलमधला त्या प्लेटचा फोटो दाखवायला सांगा, आणि ती बोलेल तेवढा वेळ फक्त ऐका. पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही न वाचता पोस्टात टाका.