मोबाईलचे प्रश्न : रील जपून ठेवायचंय

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या आजेसासूबाई जात्यावरच्या ओव्या छान म्हणायच्या. पुतण्याने त्यांचं रील करून इन्स्टावर टाकलेलं आणि मी ते लगेच सेव्ह केलं म्हणून निर्धास्त होते. आता आजी राहिल्या नाहीत आणि परवा सेव्हडमध्ये बघते तर रीलच गायब, पुतण्या म्हणतो अकाउंट साफ करताना जुन्या पोस्ट उडवल्या. आता काही होईल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी पुतण्याला फोन लावा, बाकीचं नंतर वाचा. इन्स्टावर डिलीट केलेलं रील ३० दिवस 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये असतं. प्रोफाईल, तीन आडव्या रेघा, 'युअर ॲक्टिव्हिटी' आणि तिथे खाली ते सापडतं, रिस्टोअर केलं की परत येतं. ३० दिवस उलटून गेले असतील तर त्याच्या फोनची गॅलरी बघायला सांगा, आणि तिथूनही उडवलं असेल तर गूगल फोटोजचं ट्रॅश, बॅकअप झालेला व्हिडिओ तिथे ६० दिवस राहतो. ज्यांना तुम्ही लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल त्या नातेवाईकांनाही विचारा, कुणाच्या तरी फोनमध्ये असतंच असतं.

तुमचं झालं काय, तर रीलच्या खालचं ते बुकमार्कचं चिन्ह दाबलं की फोनमध्ये काहीच येत नाही, व्हिडिओ इन्स्टाकडेच राहतो आणि आपल्याकडे फक्त त्याचा पत्ता. टाकणाऱ्याने काढलं, अकाउंट बंद झालं की संपलं. फोनमध्ये उतरवायचं तर कागदी विमानाचं शेअरचं चिन्ह दाबा, त्यात 'डाउनलोड' दिसतं. ही सोय २०२३ मध्ये आली. फक्त पब्लिक अकाउंटच्या रीलला चालते, टाकणाऱ्याने बंद केली असेल तर दिसत नाही, आणि व्हिडिओवर त्याच्या अकाउंटचं नाव उमटतं.

पण घरातल्या माणसाचा व्हिडिओ असेल तर रील कशाला उतरवत बसायचं, ज्याने शूट केलं त्याच्याकडून मूळ फाईलच मागून घ्या ना. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला तर तो दाबून लहान होतो, आवाजही बसका येतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी येते. मग ती फोनमध्ये एक आणि पेनड्राईव्हवर किंवा लॅपटॉपवर एक अशी दोन ठिकाणी ठेवा, आणि फाईलला आजींचं नाव, गाव, वर्ष द्या, नाहीतर पाच वर्षांनी नुसत्या आकड्यांच्या नावात ती कुणालाच सापडायची नाही.

एक मनापासून सांगते, या ओव्या म्हणणाऱ्या बायका आता झपाट्याने कमी होतायत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आज 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर येतायत, एवढं मोठं काम, तरी तुमच्या आजींचा आवाज त्यात असेलच असं नाही ना. गावात अजून कुणी म्हणत असेल तर आत्ताच जाऊन रेकॉर्ड करा, रील नंतर बनवा, आणि तीस सेकंद नको, पूर्ण ओवी घ्या.

प्रश्न : यूट्यूब शॉर्ट्स डाउनलोड केले तरी गॅलरीत का दिसत नाहीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण ते यूट्यूबच्या ॲपमध्येच राहतात, 'डाउनलोड्स'मध्ये बघा. फाईल म्हणून दुसऱ्याला पाठवता येत नाहीत आणि बरेच दिवस नेट लावलं नाही तर चालायचे थांबतात. प्रवासापुरतं ठीक आहे, कायमचं जपायला उपयोग नाही.

प्रश्न : रील उतरवायला एक ॲप घेतलं, त्याने इन्स्टाचा पासवर्ड मागितला आणि मी दिला. धोका आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो, आहे. पब्लिक रील उतरवायला पासवर्ड लागतच नाही, मागतोय म्हणजे अकाउंटवर डोळा आहे असंच धरा. आज करायचं ते असं, ॲप काढून टाका, पासवर्ड बदला, टू फॅक्टर (पासवर्डसोबत कोडही मागणारी सोय) चालू करा आणि सेटिंग्जमधल्या 'व्हेअर यू आर लॉग्ड इन'मध्ये अनोळखी फोन दिसला तर लॉगआउट करा. तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तोही बदला. ॲप प्ले स्टोअरबाहेरून एपीके म्हणजे नुसती ॲपची फाईल म्हणून टाकलं असेल तर त्याला एसएमएसची परवानगी दिली होती का आठवा, कारण ओटीपी तिथूनच वाचले जातात. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा.