वाचकांचे प्रश्न : एसटीने नेता येईल असं रेडिओ स्टेशन

या महिन्यात हॅम रेडिओबद्दल (परवाना घेऊन छंद म्हणून एकमेकांशी बोलायचा रेडिओ) आलेली बहुतेक पत्रं सातारा-सांगलीकडची आहेत. सगळ्यांचा रोख एकच आहे: घराबाहेर कुठेतरी आडबाजूला जाऊन ऑपरेट करायचंय, गाडी नाही आणि खिसा बेताचा. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (तासगाव) : दोन दिवसांची रजा आहे, एसटीने जाणार. पाच वॅटच्या सेटवर मुंबई-पुण्याशी नीट बोलता यावं म्हणून सातारा जिल्ह्यातला सगळ्यात उंच गड कोणता निवडू?

मुंबई-पुण्यासाठी गड चढायची गरजच नाही. ४० मीटर बँडवर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर, जमिनीपासून पाच-सहा मीटरवर ताणलेली तार लहरी जवळजवळ सरळ वर फेकते. त्या आयनावरणावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरांवरून) परतून साधारण ४०० किलोमीटरच्या परिघात उतरतात. मुंबई, नाशिक, सोलापूर, हुबळी सगळं त्यात येतं. तार गडाच्या माथ्यावर आहे की जतच्या माळावर, याने यात फरक पडत नाही.

फरक पडतो गोंगाटाने. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सोलर पंपाचे कंट्रोलर, ११ केव्हीच्या खांबावरचे तडकलेले इन्सुलेटर हे सगळे ७ मेगाहर्ट्झवर खरखर ओकत असतात. गावात सेटवरच्या, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा गोंगाटानेच एस-७ वर उभा असतो, मोकळ्या माळावर तो एस-२ वर येऊ शकतो. एक एस-युनिट म्हणजे ६ डीबी (डेसिबल), तेव्हा पाच युनिटं म्हणजे ३० डीबी, हजारपट. इतका फायदा कोणताही महागडा सेट देणार नाही. अर्थात हा फायदा तुमच्या ऐकण्याचा आहे. समोरच्याच्या घरातला गोंगाट तुमच्या हातात नाही, पण तो कुजबुजला तरी तुम्हाला कळेल.

म्हणून जागा कानाने निवडा. सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि चालत राहा. खरखर विरली की थांबा. उच्चदाबाच्या वाहिनीपासून निदान ३०० मीटर दूर राहा. चाळकेवाडीचं पठार नकाशावर मोहात पाडतं, पण तिथे पवनचक्क्या आहेत आणि त्यांच्या वाहिन्या आहेत. आधी ट्रान्झिस्टर, मग तंबू.

एसटीने जायचं तर सातारा-पुसेगाव रस्त्यावरचं वर्धनगड सोयीचं आहे. गाव रस्त्यालाच लागून आहे. ४० मीटरसाठी गडावर न जाता वस्तीपासून लांबचं, मालकाला विचारून घेतलेलं पडीक रान पुरेल. तुम्ही तासगावचे, म्हणून खरं सांगायचं तर आधी घरापासून तासाभरावरचा एखादा माळ शोधा. पहिल्या खेपेला काहीतरी घरी विसरतंच, आणि ते साताऱ्यात नव्हे तर जवळपास कळलेलं बरं.

वेळ सांभाळा. सकाळी साडेसात ते दहा आणि दुपारी चार ते साडेसहा या वेळा चांगल्या. भर दुपारी आयनावरणाचा खालचा थर ४० मीटरच्या लहरी शोषून घेतो. रात्र चढली की जवळची स्टेशनं गायब होतात आणि लांबची येऊ लागतात. त्यात सेटचा दोष नसतो.

उंची लागते ती दोन ठिकाणी. २ मीटर बँडवर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) क्षितिजापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये साधारण ४.१ गुणिले उंचीचं वर्गमूळ इतकं असतं. उंची मीटरमध्ये आणि आसपासच्या जमिनीपासून धरायची. ३०० मीटर उंच डोंगरावरून सुमारे ७० किलोमीटर. दुसरं म्हणजे २० मीटर बँड. तिथे युरोप किंवा आखाताकडे बोलायचं असेल तर पश्चिमेला उतरणारा कडा मदत करतो, कारण उतारामुळे लहरी क्षितिजाला धरून निघतात.

प्रश्न (कराड) : जांभ्याच्या सड्यावर अँटेना कशी उभी करायची? खुंटी जात नाही, झाड नाही. तयार अँटेना घेणं परवडत नाही.

तयार घेऊच नका. अर्ध्या चौरस मिलिमीटरची, बहुतारी, पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार २१ मीटर घ्या. डायपोलची (मध्यात केबल जोडलेल्या, दोन सारख्या बाजूंच्या तारेची) एकूण लांबी मीटरमध्ये १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी २०.१ मीटर येते, म्हणजे एक बाजू १०.०५. प्रत्येक बाजू १०.४ मीटर कापा आणि टोकं कापून टाकू नका, दुमडून स्वतःभोवती पिळा. अँटेना उभी केल्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचं माप) सगळ्यात कमी कुठे आहे ते पाहा. ६.९ वर असेल तर १०.४ गुणिले ६.९ भागिले ७.१ म्हणजे १०.१, तेव्हा प्रत्येक बाजूला ३० सेंटिमीटर दुमडा. आवरणामुळे आणि टोकं जमिनीजवळ आल्यामुळे तार हिशेबापेक्षा 'लांब' वागते, म्हणून ही जुळणी घराच्या गच्चीवर न करता जिथे वापरणार तशाच उंचीवर करायची.

२० मीटर बँडही हवा असेल तर मध्यापासून ५.०३ मीटरवर तार तोडून दोन्ही टोकांना बुलेट कनेक्टर लावा. जोडलं की ४० मीटर, सोडलं की २०. तुटलेल्या जागी ताण कनेक्टरवर येऊ देऊ नका. प्लास्टिकच्या पट्टीला दोन भोकं पाडून तार त्यातून ओवा.

खांब म्हणून ७ मीटरची, एकात एक सरकणारी फायबरग्लासची मासेमारीच्या गळाची काठी. कार्बनची नको, ती वीजवाहक असते. शेंड्याचे दोन बारीक तुकडे काढून ठेवा. केबलच्या वजनाने ते वाकतात, आणि उरलेला साडेपाच मीटरचा खांब पुरेसा आहे. प्रत्येक सांध्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने सांधा घसरतो आणि खांब स्वतःतच मिटतो, नेमका बोलणं रंगात आलं असताना.

सड्यावर खुंटीचा नाद सोडा. बाजाराच्या तीन कापडी पिशव्या न्या आणि तिथलेच दगड भरा, प्रत्येकीत सात-आठ किलो. साडेतीन मीटर उंचीवरून २ मिलिमीटरच्या नायलॉन दोरीचे तीन ताण, १२० अंशांवर. तारेची टोकं दोरीने लांबवून दगडांना बांधा आणि जमिनीपासून दीड मीटर वर ठेवा. दोन टोकांमध्ये साधारण १८ मीटर अंतर पडेल. तारेच्या टोकाला विजेचा दाब सगळ्यात जास्त असतो. पाच-दहा वॅटवरही चटका बसतो. गुरं आणि पोरं तिकडे फिरकणार असतील तर रंगीत चिंधी बांधा.

पाव तरंगाची उभी अँटेना जांभ्यावर लावू नका. तिला जमिनीची साथ लागते आणि कोरडा जांभा ती देत नाही. मग रेडियल (बुंध्यापासून जमिनीवर पसरायच्या तारा) पसरत बसावं लागतं. डायपोलला ती कटकट नाही.

केबल १० मीटर आरजी-५८ घ्या, वजन सुमारे ४०० ग्रॅम. आरजी-१७४ तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी हलकी असते आणि ७ मेगाहर्ट्झवर जेमतेम अर्धा डीबी जास्त खाते, चालून जायचं असेल तर ती चालेल. २ मीटर बँडवर मात्र तीच केबल अर्ध्याहून जास्त ताकद गिळते. मध्याशी एफटी-१४०-४३ रिंगवर आरजी-१७४ चे १० ते १२ वेढे देऊन चोक (केबलच्या जाळीवरून बाहेर धावणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) करा. तो नसला की केबलची जाळीसुद्धा अँटेनासारखी वागते, आणि सेटला हात लावला तरी एसडब्ल्यूआर हलतो.

प्रश्न (वाई) : यूपीएसमधून काढलेली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी आहे. बोलायला लागलं की तासाभरात सेट बंद पडतो. बॅटरी बदलू का?

आधी तारा बदला. अर्ध्या चौरस मिलिमीटरची दोन मीटर जोडतार (जाऊन-येऊन चार मीटर) २ अँपिअरला जवळजवळ ०.३ व्होल्ट खाते. बॅटरी ११.८ वर आली की सेटला ११.५ मिळतात आणि तो मान टाकतो. दीड चौरस मिलिमीटरची तार लावली की हीच घट ०.१ वर येते.

तरीही ही बॅटरी प्रवासाची नव्हे. तिचे ७ अँपिअर-तास २० तासांच्या संथ वापराचे आहेत. यूपीएसने टाकून दिलेली बॅटरी त्यातले निम्मेही क्वचित देते, आणि शिसं-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. वर दोन किलोहून जास्त ओझं.

हिशेब असा करा. ऐकताना ०.३५ अँपिअर, बोलताना २ अँपिअर, आणि वेळेचा पाचवा हिस्सा बोलणं. सरासरी ०.६८ अँपिअर, चार तासांना २.७ अँपिअर-तास. १२.८ व्होल्टची ६ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एवढं करून निम्मी उरते. चार्जर तिच्यासाठीचाच, १४.६ व्होल्टचा. तापलेल्या दगडावर ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका. बॅटरीच्या अधिक टोकाशी, अगदी लागून, ३ अँपिअरचा फ्यूज. तो सेटच्या बाजूला लावला तर मधली तार घासून शॉर्ट झाल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

एफटी-८ (संगणक किंवा फोन जोडून छोटे संदेश पाठवायची पद्धत) करणार असाल तर हा हिशेब मोडतो. त्यात निम्मा वेळ सेट पूर्ण ताकदीने पाठवत असतो, तेव्हा वॅट निम्मे करा. शिवाय घड्याळ सेकंदाच्या आसपास बरोबर लागतं. डोंगरात नेटवर्क नसलं तर फोनच्या जीपीएसवरून वेळ घ्या.

प्रश्न (विटा) : स्वस्तातला सेट कोणता? आणि सोलर पॅनेल न्यावं का?

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आखलेल्या बिटएक्सच्या कुळातला मायक्रोबिटएक्स. ४० मीटरवर सुमारे १० वॅट मिळतात, वरच्या बँडवर कमी. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ-५१० ट्रान्झिस्टर आहेत. स्वस्त आहेत, पण अँटेना न जोडता बटण दाबलं की जाऊ शकतात. दोन जादा ठेवा आणि बीएनसी (अँटेनाच्या केबलचा जोड) घट्ट बसलाय का ते दर वेळी पाहा.

पॅनेल एका दिवसासाठी नको. स्वस्त चार्ज कंट्रोलर इतका गोंगाट करतात की माळावर येऊन मिळवलेली शांतता तिथेच संपते. तीच गोष्ट पाच व्होल्टचे बारा करणाऱ्या पॉवर बँकेची.

प्रश्न (कोरेगाव) : गावाबाहेर तार ताणून बसल्यावर लोक संशयाने बघतात. परवाना असला तरी कोणाकोणाला विचारायचं?

परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. दुसऱ्या जागेवरून ऑपरेट करण्याची अट काय आहे ते निघण्याआधी परवान्यात आणि नियमांत वाचा आणि त्याप्रमाणे कळवा. परवान्याची प्रत आणि ओळखपत्र वरच्या कप्प्यात ठेवा. गावात शिरल्यावर पहिल्यांदा पोलीस पाटलांना भेटा, काय करणार आणि किती वाजता उठणार ते सांगा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. उरलेल्यांना हेडफोन काढून स्पीकरवर ऐकवा.

वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही. कासला प्रवेश नियंत्रित आहे. वासोट्याला बामणोलीहून लाँचने जावं लागतं आणि मुक्कामाला बंदी आहे, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या चांगल्या वेळा प्रवासातच जातात. चांदोली आणि कोयना व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथे तर विचारूनच. गडाच्या कड्याकडे दोरी फेकायची वेळ आली तर आधी आग्या मोहोळ आहे का ते बघून घ्या.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाची शक्यता धरूनच बसा. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देतं, पण तिथे नेटवर्क हवं. ते नसेल तर ४० मीटरवर कडकडाट एकसारखा वाढू लागला हीच सूचना समजा. केबल सेटमधून काढा, खांब आडवा करा आणि झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जा.

प्रश्न (जत) : पहाटे पाचला झालेला संपर्क समोरच्याच्या लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) जुळत नाही म्हणतात. वेळ तर बरोबर लिहिली होती.

वेळ बरोबर असेल, तारीख चुकली आहे. लॉग यूटीसीत (जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत) लिहितात, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. १५ तारखेच्या पहाटेचे ५ म्हणजे १४ तारखेचे २३:३०.